पीएसएचा रिपोर्ट हातात आल्यावर: प्रोस्टेट कर्करोगाच्या रक्ततपासण्या कधी करायच्या, कशा वाचायच्या

अण्णांची लघवी एका रात्री अचानक तुंबली. पोट दगडासारखं टणक झालं आणि थेंबही उतरेना. दवाखान्यात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आलाच आहात तर सगळ्या तपासण्या करून घेऊ’ म्हणून रक्त काढलं, त्यात पीएसए ही प्रोस्टेट ग्रंथीची तपासणीही होती. संध्याकाळी रिपोर्ट आला: २३.४. शेजारी लॅबची छापील मर्यादा ४ पर्यंत. आकडा ठळक, पुढे वर जाणारा बाण. आईनं तो कागद पाहिला आणि ती होती तिथेच बसली.

आठ आठवड्यांनी तीच तपासणी केली, तर ६.१.

मामांचं उलट झालं. त्यांचा पीएसए तीन वर्षं ओळीनं ‘नॉर्मल’ येत होता: २.१, मग २.६, मग ३.४. एकदाही बाण नाही, एकदाही ठळक अक्षर नाही. आणि कर्करोग निघाला तो मामांना, अण्णांना नाही.

या दोघांच्या फायली मी सांभाळल्या. त्या सांभाळता सांभाळता जे कळत गेलं ते इथे क्रमानं मांडते. मी डॉक्टर नाही. औषध, बायोप्सी (सुईनं ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं), ऑपरेशन हे निर्णय युरोलॉजिस्टबरोबर बसूनच घ्यायचे. पण रक्त कधी द्यायचं, देण्याआधी काय सांगायचं आणि आलेला कागद कसा वाचायचा, एवढं आपल्या हातात असतं. आमच्या घरी दोन्ही वेळा चूक झाली ती नेमकी तिथेच.

आधी हे समजून घ्या: पीएसए कर्करोगाचा नाही, ग्रंथीचा आहे

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वीर्यातला काही द्रव ती बनवते. वीर्य बाहेर पडल्यावर थोडा वेळ घट्ट असतं. ते पातळ करणारं एक प्रथिन प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात, तेच पीएसए. निरोगी माणसातही ते बनतं. वीर्यात त्याचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा लाखो पटींनी जास्त असतं. ग्रंथीची आतली रचना शाबूत असते तोवर रक्तात अगदी किंचित झिरपतं. ही रचना बिघडली की झिरपणं वाढतं, मग ती कर्करोगानं बिघडलेली असो, जंतुसंसर्गानं सुजलेली असो, वयानुसार ग्रंथी वाढलेली असो किंवा नळी घालताना दुखावलेली असो. रक्ताला कारण कळत नाही. त्याला फक्त गळती कळते.

हे प्रथिन १९७९ मध्ये अमेरिकेतल्या रॉसवेल पार्क संस्थेत शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. १९८६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तपासणीला मान्यता दिली ती निदानासाठी नव्हे, तर निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. कर्करोग शोधण्यासाठी, बोटानं केलेल्या तपासणीच्या जोडीनं वापरायला, १९९४ मध्ये परवानगी मिळाली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण ही तपासणी आजही उपचारानंतर जितकी चोख बोलते तितकी उपचाराआधी बोलत नाही.

पायरी १: तपासणी करायची की नाही, ते ठरवा

‘लघवीचा काही त्रास नाही, मग कशाला?’ हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल. लघवीची धार बारीक होणं, रात्री चार वेळा उठावं लागणं हे बहुधा ग्रंथीच्या आतल्या, मूत्रनलिकेलगतच्या भागाची साधी वाढ झाल्यामुळे होतं. कर्करोग बहुतेक वेळा बाहेरच्या भागात सुरू होतो, नलिकेपासून लांब, आणि सुरुवातीला गप्प असतो. म्हणून त्रास नसणं ही खात्री नव्हे आणि त्रास असणं ही शिक्षाही नव्हे.

सर्वसाधारण जोखीम असलेल्या पुरुषानं पन्नाशीला हा विषय डॉक्टरांशी बोलावा. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल तर जोखीम साधारण दुप्पट होते. अशांनी आणि आफ्रिकी वंशाच्या पुरुषांनी ४५ व्या वर्षी. घरात बीआरसीए-२ या जनुकातला दोष सापडला असेल तर ४० पासून. इथे एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: आई, मावशी, बहीण यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर तेही युरोलॉजिस्टला सांगायचं. तेच जनुक मुलाकडेही आलेलं असू शकतं.

फायदा किती? युरोपातल्या ८ देशांत ५५ ते ६९ वयाच्या सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तपासणीसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कर्करोगानं होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले; म्हणजे ४५६ जणांना बोलावलं तेव्हा एक मृत्यू टळला. याची दुसरी बाजूही आहे. आयुष्यात कधीच त्रास न देणारे मंद कर्करोगही या तपासणीत सापडतात, आणि सापडले की माणूस उपचारांच्या मागे लागतो. त्या उपचारांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाऊ शकते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानं २०१२ मध्ये सरसकट तपासणी नकोच म्हटलं होतं. २०१८ मध्ये त्यांनी ५५ ते ६९ वयोगटासाठी हा निर्णय रुग्णानं डॉक्टरांशी बोलून घ्यावा असं सांगितलं, ७० नंतर मात्र नेमानं करू नये हे कायम ठेवलं.

माझं मत विचाराल तर पन्नाशीत एकदा करावी, आणि शांतपणे, ठरवून करावी. दुसऱ्याच आजारासाठी दवाखान्यात गेलो असताना पॅकेजमध्ये आपोआप झाली, असं होऊ देऊ नका.

पायरी २: रक्त देण्याआधी

ही पायरी सगळ्यात सोपी, आणि हिच्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

उपाशी राहायची गरज नाही. दिवसातली कुठलीही वेळ चालते. वीर्यपतन आधीचे दोन दिवस टाळावं. लांबवर सायकल चालवणंही दोन दिवस थांबवा. त्याचा कितपत परिणाम होतो याचे पुरावे संमिश्र आहेत, पण थांबण्यात तोटा काहीच नाही. डॉक्टर गुदद्वारातून बोटानं तपासणार असतील तर रक्त त्याआधी द्यावं. त्या तपासणीनं आकडा फारसा हलत नाही, तरी शंकेला जागा नको.

लघवीत संसर्ग झाला असेल, ताप येऊन प्रोस्टेटला सूज आली असेल, लघवी तुंबून कॅथेटर लागला असेल, दुर्बिणीनं तपासणी किंवा बायोप्सी झाली असेल, तर सहा ते आठ आठवडे थांबा. अण्णांच्या बाबतीत हेच चुकलं. तुंबलेली लघवी आणि नळी, दोन्ही आदल्याच रात्रीची. त्या सकाळी पीएसए २३ आला नसता तरच नवल. रक्त काढणाऱ्यानं विचारलं नाही, आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि आठ आठवडे घर झोपलं नाही.

आता मामांची चूक, जी जास्त धोक्याची. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ते ड्युटास्टेराइडची गोळी घेत होते. ही गोळी आणि तिची बहीण फिनास्टेराइड, दोन्हींमुळे सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्मा होतो. म्हणून वर्षभर गोळी चालू असेल तर रिपोर्टातला आकडा दुपटीनं वाचायचा. मामांचा २.१ म्हणजे ४.२, २.६ म्हणजे ५.२, आणि ३.४ म्हणजे ६.८. त्याहून मोठी खूण अशी की या गोळ्या चालू असताना पीएसए खाली जाऊन तिथेच थांबायला हवा. नीचांकावरून तो पुन्हा चढू लागला तर ‘अजून चारच्या आत आहे’ म्हणून सोडायचं नाही. लॅबच्या यंत्राला गोळी माहीत नसते, ते छापील मर्यादेशी तुलना करतं आणि ‘नॉर्मल’ लिहितं. फिनास्टेराइड केस गळतीवरही कमी मात्रेत दिलं जातं, त्यामुळे ‘प्रोस्टेटची गोळी चालू आहे का?’ या प्रश्नाला लोक प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. केसांसाठी काय घेता, हेही सांगा.

केस-नखांसाठी जास्त मात्रेत बायोटिन घेत असाल तर तेही. काही यंत्रांच्या पद्धतीत रक्तातलं बायोटिन मध्ये येतं आणि पीएसए खोटा कमी दाखवला जातो. दोन-तीन दिवस आधी ते बंद ठेवायचं का, हे लॅबला विचारून घ्या.

शेवटचं: दरवेळी एकच लॅब. पीएसएची यंत्रं दोन वेगवेगळ्या मानकांवर जुळवलेली असतात आणि त्यांच्या आकड्यांत साधारण २० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. इथे ४.१ आणि तिथे ३.४ आला तर आजार घटला असं नाही, पट्टी बदलली.

पायरी ३: आकडा वाचा, पण एकटा नको

एकक असतं नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. काही रिपोर्टांत मायक्रोग्रॅम प्रति लिटर असतं. आकडा तोच राहतो, रूपांतर करत बसू नका.

४ ही मर्यादा सगळीकडे छापलेली असते, पण चारच्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे आजारी अशी भिंत निसर्गानं बांधलेली नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांच्याही बायोप्सी केल्या, तेव्हा सुमारे १५ टक्के जणांत कर्करोग सापडला. त्यातले बहुतेक मंद प्रकारचे होते, पण सगळे नव्हते. उलट ४ ते १० या पट्ट्यात आकडा असलेल्या दर चारांपैकी साधारण तिघांना बायोप्सीत कर्करोग सापडत नाही. १० च्या वर गेलं की शक्यता निम्म्याच्या पुढे जाते.

वयाबरोबर ग्रंथी वाढते, म्हणून वयानुसार मर्यादाही सुचवल्या गेल्या: चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५, सत्तरीत ६.५. म्हणजे ४५ वर्षांच्या माणसाचा ३.२ हा छापील मर्यादेत बसला तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही. लठ्ठपणात रक्ताचं आकारमान जास्त असल्यानं पीएसए थोडा पातळ होऊन कमी दिसतो, हेही डोक्यात असू द्या.

यावर मी एक साधी वही केली. तारीख, लॅब, आकडा, आणि चौथ्या रकान्यात त्या दिवशीची स्थिती: कोणती गोळी, कधीपासून, मागच्या दोन महिन्यांत ताप-संसर्ग-नळी. मामांचे तीन सुटे रिपोर्ट तीन वेगळ्या डॉक्टरांनी पाहिले होते आणि प्रत्येकाला एकेक नॉर्मल कागद दिसला. एका पानावर एकाखाली एक लिहिल्यावर पाचव्या मिनिटाला चढण दिसली.

पायरी ४: वाढलेला आला तर पुन्हा करा

एका आकड्यावर बायोप्सी नाही. चार ते आठ आठवड्यांनी, वरचे सगळे नियम पाळून, त्याच लॅबमध्ये पुन्हा. बऱ्याच जणांचा दुसरा आकडा खाली येतो. संसर्गाची लक्षणं नसतील तर केवळ पीएसए उतरवण्यासाठी अँटिबायोटिकचा कोर्स घेण्यात अर्थ नाही. आकडा उतरला तरी त्यानं कर्करोग नाही असं सिद्ध होत नाही.

थांबायचं नाही अशा वेळाही आहेत. पाठीत किंवा कमरेत रात्री झोपू न देणारं हाडाचं दुखणं, लघवीतून रक्त, कारण नसताना उतरणारं वजन, किंवा आकडाच ५०-१०० च्या घरात, असं काही असेल तर त्याच आठवड्यात युरोलॉजिस्ट गाठा. पायांतली ताकद अचानक जाऊ लागली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर सरळ इमर्जन्सी. मणक्यात मज्जारज्जू दाबला जात असण्याची शक्यता असते आणि तिथे तास मोजले जातात.

पायरी ५: दुसऱ्यांदाही वाढलेला आला, तर त्याच रक्तातून आणखी काय कळतं

फ्री पीएसए: रक्तातला काही पीएसए इतर प्रथिनांना चिकटलेला असतो, काही मोकळा. कर्करोगात मोकळ्याचं प्रमाण कमी पडतं. एकूण आकडा ४ ते १० असताना मोकळा भाग १० टक्क्यांहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता निम्म्याहून अधिक, २५ टक्क्यांहून जास्त असेल तर दहातल्या एकाहूनही कमी. अण्णांचा आला २२ टक्के. मोकळा पीएसए नमुन्यात लवकर मोडतो, म्हणून रक्त घरून नेऊन संध्याकाळपर्यंत पिशवीत फिरणार असेल तर ही तपासणी लॅबमध्ये जाऊनच करा.

घनता: हिला वेगळं रक्त लागत नाही, फक्त भागाकार लागतो. पीएसए भागिले सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये मोजलेलं प्रोस्टेटचं आकारमान. अण्णांचं प्रोस्टेट ६२ सीसी होतं. ६.१ भागिले ६२, म्हणजे ०.१० च्या आसपास. ०.१५ च्या वर गेलं की संशय वाढतो. तोच ६.१ जर २५ सीसीच्या लहान ग्रंथीतून आला असता तर घनता ०.२४ झाली असती आणि बोलणं वेगळं झालं असतं. मोठं प्रोस्टेट जास्त पीएसए बनवणारच. हे इतकं सरळ असूनही रिपोर्टावर कुठेच नसतं. स्वतः करून पाहा.

पीएचआय: एकूण पीएसए, मोकळा पीएसए आणि मोकळ्यातलाच प्रो-पीएसए नावाचा एक प्रकार, या तिघांतून काढलेला निर्देशांक. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ४ ते १० च्या पट्ट्यासाठी. २७ च्या खाली शक्यता कमी, ५५ च्या वर साधारण निम्मी. फोर-के स्कोअर चार प्रथिनं, वय, बोटाची तपासणी आणि आधीची बायोप्सी एकत्र करून आक्रमक कर्करोगाची टक्केवारी देतो. दोन्ही करायची गरज नसते, आणि एमआरआय ठरलेलाच असेल तर एकही कदाचित लागणार नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: ‘या तपासणीचा निकाल काहीही आला तरी पुढचं पाऊल तेच असेल का?’ उत्तर ‘हो’ असेल तर तपासणी सोडून द्या.

पीसीए-३ ही लघवीची तपासणी आहे, रक्ताची नाही. ‘कॅन्सर मार्कर पॅकेज’मधले सीईए, सीए १९-९, एएफपी हे प्रोस्टेटचा कर्करोग शोधायला उपयोगाचे नाहीत. बीआरसीएसारखी जनुकीय तपासणीही रक्तातूनच होते, पण ती आज कर्करोग आहे का हे सांगत नाही. वारशानं आलेली जोखीम सांगते.

पायरी ६: रक्ताचं काम संपतं तिथे

पूर्वी पीएसए वाढला की थेट सुया. आता बहुतेक ठिकाणी आधी एमआरआय करतात. त्यात पाय-रॅड्स नावाची १ ते ५ अशी श्रेणी मिळते: १-२ म्हणजे संशय कमी, ४-५ म्हणजे जास्त, ३ मधला. अण्णांना २ मिळाली. घनता आणि फ्री पीएसएही त्याच बाजूला बोट दाखवत होते, म्हणून बायोप्सी झाली नाही, वर्षाला एक पीएसए एवढंच ठरलं. मामांना ४ मिळाली. बायोप्सीत ग्लीसन, म्हणजे कर्करोगाच्या पेशी किती आक्रमक दिसतात याची श्रेणी, ४+३ आला. हा पाचातला तिसरा गट, उपचार हवाच असा.

पहिल्या गटातला, म्हणजे ग्लीसन ३+३ असलेला कर्करोग निघाला तर ऑपरेशनची घाई करू नका. नियमित पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी करत लक्ष ठेवणं हा तिथे पूर्ण मान्य असलेला मार्ग आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या एका चाचणीत ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागलं होतं. १५ वर्षांनी तिन्ही गटांत सुमारे ९७ टक्के जण या कर्करोगामुळे दगावले नव्हते.

पायरी ७: उपचारानंतरचा पीएसए

ग्रंथी काढून टाकल्यावर पीएसए बनवणारं कुणी उरत नाही. रक्तातला जुना साठा दर दोन-तीन दिवसांनी निम्मा होत जातो, आणि सहा-आठ आठवड्यांनी आकडा जवळपास न मोजता येण्याइतका खाली यायला हवा. त्याआधी तपासून जीव टांगणीला लावू नका. पुढे ०.२ किंवा त्याहून जास्त आकडा सलग दोनदा आला तर आजार परतल्याचं मानतात. किरणोपचारात ग्रंथी जागेवरच असते, त्यामुळे तिथे शून्याची अपेक्षा नसते. आकडा दीड-दोन वर्षं हळूहळू उतरतो, मध्ये एखादी उसळीही घेतो. तिथला नियम वेगळा: गाठलेल्या नीचांकापेक्षा २ नं वाढला तर परतल्याचं धरतात. ऑपरेशन झालेल्याचा नियम किरण घेतलेल्याला लावून रात्र जागून काढलेली माणसं मी प्रतीक्षागृहात पाहिली आहेत.

मामांचा ऑपरेशननंतर सात आठवड्यांनी केलेला पहिला पीएसए ०.१ पेक्षा कमी आला. रिपोर्टावर आकड्याआधी ‘पेक्षा कमी’चं चिन्ह होतं. ते पाहून मामींनी मला फोन केला आणि विचारलं, हे चिन्ह म्हणजे काही बिघाड आहे का. नाही मामी, याचीच तर वाट बघत होतो.

अण्णांच्या पानावर त्यानंतर आठ नोंदी झाल्या, सगळ्या ५.८ ते ६.६ च्या मध्ये. ७६ व्या वर्षी हृदयाचा आजार वाढल्यावर डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की आता मंद कर्करोग सापडला तरी त्यानं तुमच्या आयुष्यात फरक पडणार नाही, तेव्हा ही तपासणी थांबवू. अण्णांनी घरी येऊन वही मागून घेतली आणि शेवटच्या ओळीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘बंद.’